नाव गाळलं की काय जातं?

कविता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत कवीकडेच परत येते, तेव्हा तिच्याखाली कधी ‘अनामिक’ असतं, कधी पु. ल. देशपांडे. पु. ल. 2000 साली गेले. ‘हे माझं नाही’ असं सांगायला ते येणार नाहीत. पैसे कुणीच कमावलेले नसतात. मग चोरीला काय गेलं?

1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 सांगतं की हक्क विकले तरी लेखक म्हणून आपलं नाव सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. कारण नावात जबाबदारी असते : हे मी म्हटलंय, जाब मला विचारा. नाव गेलं की जाब विचारायला कुणी उरत नाही.

अभंगही तोंडातोंडीच फिरले. ‘तुका म्हणे’ गाणाऱ्यांनी गाळलं नाही. आपल्याला तर फक्त एक ओळ जास्त सिलेक्ट करायची असते.