बिघडवण्याची मुभा

वर्ष सरत आलं की पुढच्या वर्षाचे बेत सुरू होतात, आणि त्यांत स्वयंपाकघराचेही बेत असतात. शहरातल्या माझ्या मैत्रिणींच्या याद्या तयार आहेत. कुणाला पाव घरी भाजायचाय, कुणाला पास्ता हाताने लाटायचाय, कुणाला आईच्या माहेरची, आता कुणीच करत नाही अशी एखादी आमटी पुन्हा जमवून बघायची आहे. अलीकडे या याद्यांत रानभाज्याही आल्या आहेत. शेवळं, फोडशी, भारंगी, मोहाच्या फुलांचे लाडू. नव्या चवीची ही ओढ मला मनापासून आवडते. रोज तेच रांधणाऱ्या बाईला अजून काहीतरी करून बघावंसं वाटतं, ही घराच्या दृष्टीने फार चांगली गोष्ट आहे.

येत्या वर्षाच्या या बेतांबद्दल मी या महिन्यात मुरबाड तालुक्यातही विचारलं. टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या पायथ्याच्या बाजूला एक गाव आहे. बचत गटाची बैठक होती. भात झोडून झाला होता, अंगणात पेंढ्याचा ढीग होता, शेतात वाल वर आले होते. वसुली झाली, वह्या मिटल्या, तेव्हा विचारलं, की येत्या वर्षात नवीन काय करून बघायचंय? उत्तरं पटापट आली. एकीला मुलाच्या वाढदिवसाला केक करायचा आहे, विकतचा नको, स्वतः केलेला. एकीने कल्याणला मोमो खाल्ले होते, तिला ते करायचे आहेत. कुणाला पनीरची भाजी, कुणाला अंगणवाडीच्या ताईंनी सांगितलेली नाचणीची इडली. मग कडेला बसलेली एक तरुण ठाकर बाई म्हणाली, "मोबाइलात सगळं दिसतं ताई. पण बिघडलं तर पोरांना काय घालू?"

मग सगळ्याच हिशेबाला बसल्या. तेलाची पिशवी किती दिवस पुरवायची असते, गॅसची टाकी किती महिने ओढायची असते, सासू काय बोलेल, नवरा ताट कसं सरकवेल. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, अनेक घरांत शेगडी आली, पण भाकरी अजून चुलीवरच होते. टाकी पाहुण्यांच्या चहासाठी आणि अडीअडचणीसाठी राखलेली. अशा घरात अर्धा तास मंद आचेवर केक ठेवायचा तर आधी मनाशी बराच वाद घालावा लागतो.

नवा पदार्थ करायला सामान लागतं, थोडं कसब लागतं, असं आपण समजतो. त्याआधी तो बिघडला तरी चालेल अशी मुभा लागते, हे मला त्या बाईने दाखवलं. माझ्या घरी केक बसला तर त्याचा चुरा दुधात घालून खातो, नाहीतर बाहेरून काही मागवतो, आणि रात्री त्यावर हसतो. तिच्या घरी बसलेला केक म्हणजे एका वेळचं दूध, साखर आणि आठ दिवस ऐकावे लागणारे बोल. पैशाचं नुकसान भरून निघतं. बोलांचं निघत नाही. पुन्हा हात धजत नाही. गरिबीपेक्षा या बोलांनीच कितीतरी हौशी बायकांचे हात आखडले आहेत, असं माझं मत आहे, आणि ते शहरातल्या सुखवस्तू घरांनाही लागू आहे.

कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. त्या पुस्तकाने मराठी घरांवर जे उपकार केले त्यांचं मर्म मला इथे दिसतं. कमलाबाईंनी मापं दिली ती वाटी-चमच्याची, प्रत्येक घरात असलेली. नव्याने संसार मांडलेल्या मुलीचा पदार्थ बिघडण्याची भीती त्या मापांनी निम्मी केली. आज ते काम फोन करतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे 'आपली आजी' म्हणून घरोघरी पोचल्या, त्या गावाकडच्या बायकांना आपल्यातल्याच वाटतात. तरी फोनवर दिसतो तो जमलेला पदार्थ. करपलेला, चिघळलेला, फसलेला तिथे फारसा दिसत नाही. त्यामुळे बघणारीला वाटतं की चुकतं ते फक्त माझंच.

बैठकीतल्या एकीने सांगितलेली गोष्ट इथे सांगायला हवी. २०२२ च्या दिवाळीला सरकारने रेशनवर 'आनंदाचा शिधा' दिला होता. शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. तिने त्या रव्याच्या वड्या आयुष्यात पहिल्यांदा केल्या. पाक कच्चा राहिला. वड्या पडेनात. ताटात थापलेलं सगळं पुन्हा पातेल्यात ओढलं आणि घरातल्यांनी ते वाटीत घेऊन चमच्याने खाल्लं. "रेशनचं होतं, म्हणून धीर झाला," ती म्हणाली. पुढच्या खेपेला तिने पाकाचा थेंब बोटांत धरून तार बघितली, आणि वड्या पडल्या. त्या शिध्याबद्दल राजकारणात बरंच बोललं गेलं. त्यातून एका बाईला एकदा चुकायची संधी मिळाली, ही नोंद मात्र कुठल्याच कागदावर नसेल.

आणि ज्यांना ती एकदाही मिळत नाही अशीही घरं याच तालुक्यात आहेत. कातकरी कुटुंबं दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. उचल आधीच घेऊन खर्चलेली असते. हातात पडते ती आठवड्याची खर्ची, त्यात तांदूळ, मीठ, मिरची, तेल, सुकी मासळी. तीन विटांची चूल आणि पहाटेपासून चिखल. नव्या वर्षात नवीन काय करणार, हा प्रश्न मी त्यांना विचारलेला नाही. आधी त्यांच्या मजुरीचा हिशेब नीट व्हावा, मग हा प्रश्न विचारायला तोंड राहील.

तरीही प्रयोग या डोंगरांना नवे नाहीत. उलट, महाराष्ट्रातले सगळ्यात धाडसी पाकप्रयोग अशाच भागांत झाले असावेत. आषाढात कणगीतला भात संपलेला असायचा आणि नवा यायला दसरा-दिवाळी उजाडायची. मधल्या दिवसांत बायका रानात जायच्या. कडूकंद घ्या. हा कंद तसाच शिजवून खाल्ला तर घसा आणि पोट दोन्ही जातात, जास्त खाल्ला तर जिवावर बेततं. ठाकर, कातकरी बायका त्याच्या पातळ चकत्या करतात, राखेच्या पाण्यात उकळतात, मग टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात रात्रभर ठेवतात. कडूपणा पाण्याबरोबर निघून जातो. मग पुन्हा उकडून मिठाबरोबर खातात. ही कृती ऐकायला सोपी आहे. पण ती पहिल्यांदा जमेपर्यंत काय काय झालं असेल? कुणीतरी तो नुसता उकडून खाल्ला असेल आणि रात्रभर ओकली असेल. कुणीतरी राख घालून बघितली असेल. एखादीने पाण्यात कमी वेळ ठेवला असेल. किती राख, किती पाणी, किती वेळ, हे प्रत्येक माप कुणाच्या तरी शरीरावर ठरलं आहे. त्या बायकांनाही बिघडवण्याची मुभा नव्हती. भुकेने त्यांना ती जबरदस्तीने घ्यायला लावली.

शेवळाचंही तसंच. मागच्या जूनमध्ये शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूला एका आजींनी मला शेवळं निवडायला शिकवलं. पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून हे कोंब वर येतात, पानांच्या आधी. आजींनी वरचं जांभळट आवरण सोललं, आतल्या दांड्याच्या तळाशी पिवळट दाण्यांचा भाग होता तो अंगठ्याने मोडून बाजूला फेकला. "हा राहिला तर घसा धरतो," म्हणाल्या. मग बारीक चिरून तेलात चांगलं परतलं आणि काकडांचा रस पिळला. काकडं म्हणजे काकड झाडाची हिरवी, आवळ्याएवढी, आंबट फळं. शेवळाची खाज ती मारतात. दोन्ही एकाच दिवसांत मिळतात, आणि दोघांची गाठ घालून देणारी बाई कोण होती हे कुणालाच ठाऊक नाही. मी वहीत मापं लिहू लागले तेव्हा आजींनी माझा हात धरून कढईजवळ नेला आणि वास घ्यायला लावला. कच्चट वास गेला की झालं, एवढंच त्यांचं माप.

मुरबाडला श्रमिक मुक्ती संघटनेने या भाज्यांचे महोत्सव भरवले, रांधणाऱ्या आदिवासी बायकांना पुढे आणलं. राज्याचा कृषी विभागही २०२० पासून ९ ऑगस्टच्या, जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास रानभाजी महोत्सव घेतो. हे चांगलं झालं. त्यामुळेच शहरातल्या याद्यांत ही नावं आली. मात्र त्यासोबत एक उपदेशही गावांत येऊ लागला आहे, तो मला खटकतो. शहरातून आलेली माणसं या बायकांना सांगतात की तुमची नाचणी, तुमच्या रानभाज्या हेच खरं अन्न, तुम्ही कशाला त्या मैद्याच्या मागे लागता? पोषणाच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. नाचणी मैद्यापेक्षा केव्हाही बरी. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हापासून नाचणीची बिस्किटं शहरात चांगल्या किमतीला विकली जातात. पण जिने लहानपणी नाचणीची भाकरी दुसरं काही नव्हतं म्हणून खाल्ली, तिच्या मनात नाचणीबरोबर ते दिवसही आहेत. तिला मुलाच्या वाढदिवसाला केक करावासा वाटतो. माझ्या हौसेला आपण आवड म्हणतो आणि तिच्या हौसेला जिभेचे चोचले म्हणतो, हा न्याय नव्हे. मी शेवळं शिकायची आणि तिने मात्र शेवळांवरच थांबायचं, असं सांगण्याचा हक्क मला कुणी दिला?

त्या दिवशी बैठकीत पुढे एक निघालं, ते लिहून ठेवण्यासारखं आहे. गटातल्या एका वयस्क काकूंनी तोडगा काढला. महिन्याच्या वसुलीच्या दिवशी एक नवा पदार्थ, सगळ्यांनी मिळून. प्रत्येकीने वाटीभर काहीतरी आणायचं. पहिली खेप बैठकीतच करायची आणि तिथेच संपवायची, जमो वा न जमो. जमलं की मग घरी करायचं. केक पार्ले-जी बिस्किटांचा करायचं ठरलं, कुकरमध्ये, इनोची पुडी घालून. बिस्किटं आधीच भाजलेली असल्याने तो केक फारसा फसत नाही, हे एकीने बहिणीकडे पाहिलं होतं. तोटा वाटून घेतला की तो कुणा एकीच्या अंगावर पडत नाही, आणि बोलही पडत नाहीत. पतसंस्था आणि सहकार महाराष्ट्राने कशासाठी उभे केले, ते या काकूंना पुरतं कळलेलं होतं.

सगळे बेत त्यांनी होळीच्या आत बसवले. कारण विचारलं तर म्हणाल्या, नंतर पाणी कुठे आहे? मोमोची पातेली, पिठाचे हात, पास्ता उकळून ओतून द्यायचं पाणी, हे सगळं चैत्र-वैशाखात परवडत नाही. शेजारच्या शहापूर तालुक्यातली गतही तीच. तानसा धरण तिथे, भातसा धरण तिथे, मुंबईच्या नळाचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसाचं, आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. मुंबईत पास्त्याचं पाणी मोरीत ओतताना ते कुठून आलं हे ध्यानात असावं, एवढी अपेक्षा मी माझ्या वाचकांकडून करते.

घरातल्या माणसांकडूनही एक अपेक्षा आहे. या वर्षी घरात कुणी पहिल्यांदा काही केलं, तर पहिल्या खेपेला तोंड वाकडं करू नये. मीठ कमी असेल तर उठून मीठ घ्यावं. फसलेला पदार्थ करणारीच्या एकटीच्या ताटात जाऊ देऊ नये, सगळ्यांनी वाटून खावा. मुलं हे पाहतात, आणि पुढे मुलगेही चुलीशी उभे राहायला धजतात.

आणि ज्यांच्या यादीत येत्या पावसाळ्यात शेवळं आहेत, त्यांच्यासाठी थोडं. कल्याण, ठाणे, दादर स्टेशनांबाहेर कसारा लाइनने आलेल्या बायका जुड्या घेऊन बसतात. त्यांच्याकडूनच घ्यावीत. त्यांनी पहाटे रान तुडवलेलं असतं, भाव पाडू नये. कृती त्यांनाच विचारावी, गर्दी कमी असेल तेव्हा. मावशी, तुम्ही कशी करता, असं विचारलं की बहुतेक जणी आनंदाने सांगतात, आणि कुठला भाग फेकायचा तेही दाखवतात. स्वतः रानात गेलात तर कंद उपटू नका, आणि दिसतील तेवढी सगळी तोडू नका, काही कोंब फुलाफळाला राहू द्या. काकडं बरोबर मागून घ्या. ती जुडीवर तशीच मिळतील असं धरून चालू नका, त्यांचे पैसे वेगळे द्या. झाडावर चढून तीही कुणीतरी काढलेली असतात.