धार निवडताना

रंधा मारणाऱ्या सुताराचा हात लाकडाला विचारत विचारत पुढे जातो. गाठ आली की थबकतो, रेषा उलटी लागली की फळी फिरवून घेतो. घरच्या छोट्या सीएनसी राउटरला ही जाण नाही. समोर मऊ पाइन असो की जुन्या वाड्याच्या तुळईतला साग, दिलेले आकडे तो शेवटपर्यंत पाळतो. म्हणून हाताने काम करता करता जो विचार केला असता, तो इथे यंत्र सुरू होण्याआधी, बिट निवडतानाच करावा लागतो.

सागात सिलिका असते आणि ती धार खाते. साध्या हायस्पीड स्टीलचे बिट त्यात लवकर बोथट होते. सॉलिड कार्बाइडचे टिकते, शिवाय पोलादाच्या जवळजवळ तिप्पट ताठ असते. मात्र ते ठिसूळ. तुळईत राहून गेलेला एखादा खिळा त्याचा टवका उडवतो. जुन्या लाकडावर आधी लोहचुंबक फिरवावे.

हौशी यंत्राचा सांगाडा मुळात हलका, त्यात बिटही वाकले तर कड सरळ येणार कशी? बिटाचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. ३ मिलिमीटरऐवजी ६ मिलिमीटरचे बिट १६ पट कमी वाकते. तेच कोलेटच्या पकडीबाहेर दुप्पट काढले की ८ पट जास्त वाकते. बारीक नक्षी नसेल तिथे जाड आणि आखूड बिटच लावावे, असे मी आग्रहाने सांगेन.

अपकट बिट ढलप्या वर फेकते, खाच मोकळी ठेवते, पण वरच्या कडेचे तंतू उचकटते. डाउनकट ते तंतू दाबून कड स्वच्छ देते, पण खोल खाचेत भुसा कोंबून तापते. दोन्ही गुण एकत्र आणणारे कंप्रेशन बिट मोहात पाडते. पण त्याच्या टोकाचा अपकट भाग पहिल्याच फेरीत लाकडात पुरता बुडावा लागतो. एका फेरीत मिलिमीटर-दीड मिलिमीटर उतरणाऱ्या यंत्राला ते साधत नाही. त्यापेक्षा साधे दोन धारांचे अपकट बरे.

कठीण लाकूड आणि महागडे बिट पाहून मन कचरते. हळू गेलेले बरे, असे वाटते, आणि नेमकी हीच काळजी उलटते. मिनिटाला १२,००० फेरे, दोन धारा आणि मिनिटाला १,२०० मिलिमीटर सरक, म्हणजे प्रत्येक धार ०.०५ मिलिमीटरचा घास घेते. सरक ३०० वर आणली की घास उरतो ०.०१२५ मिलिमीटर. एवढ्या पातळ थरात धार कापत नाही, घासते. एरवी उष्णता ढलपीबरोबर बाहेर जाते. आता ती बिटातच साठते, कड काळी पडते आणि जपायला निघालेली धारच आधी मरते.

त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर आधी एक खाच काढावी आणि पडलेले चिमटीत घेऊन पाहावे. ढलप्या असतील तर पुढे जावे. पीठ असेल तर स्पिंडलचे फेरे उतरवावेत किंवा सरक वाढवावी. यंत्र थरथरू लागले तर फेरीची खोली कमी करावी. सरक तेवढी राहू द्यावी.