सातव्या फ्रेटवरचा ठिपका

फ्लेमेंको गिटारवर खुणेचे ठिपके असावेत का? कात्रजला माझ्या शिकवणीत नवा विद्यार्थी आला की हा प्रश्न हमखास निघतो. त्याचं उत्तर दोन शब्दांत देऊन मोकळं होता येईल, पण मला तसं जमत नाही. हा प्रश्न मला संत नामदेवांचा वाटतो.

आधी वाद्याकडे बघू. दुकानात मिळणाऱ्या साध्या गिटारच्या पट्टीवर तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या फ्रेटपाशी पांढरे ठिपके असतात, बाराव्यापाशी दोन. स्पॅनिश घडणीच्या गिटारची पट्टी बहुधा कोरी असते. फार तर काठावर, फक्त वाजवणाऱ्याच्या नजरेला पडेल असा, सातव्यापाशी एक बारीक ठिपका. कोऱ्या पट्टीचा अनेकांना अभिमान असतो. जागा हाताला ठाऊक पाहिजे, डोळ्यांनी शोधणारा कच्चा, असं त्यांचं म्हणणं. आधी सतार शिकून मग या वाद्याकडे वळले तेव्हा मीही हेच ऐकलं होतं.

पण या जागा कुणी मनाला येईल तशा ठरवलेल्या नाहीत. माझ्या गिटारची तार ६५० मिलिमीटरची. मोकळी तार षड्ज धरली तर बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर येतो, तिथं वरचा षड्ज. सातवा येतो एक तृतीयांश अंतरावर, तिथं पंचम. मोजलं तर अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघतो. पाचवा पाव अंतरावर, तिथं मध्यम. बाराव्या फ्रेटवर तार न दाबता नुसतं बोट टेकवून छेडली आणि लगेच उचललं, तर एक स्वच्छ, लांब घुमणारा स्वर उमटतो, कारण तार त्या बिंदूशी आपणहून दोन सारख्या भागांत कंप पावते. माणसानं ठिपक्यासाठी व्हाइटनरची बाटली उघडण्याच्या कितीतरी आधीपासून तारेत हे स्वर बसलेले आहेत.

आणि कोरी म्हणतात ती पट्टी तरी कोरी कुठं असते? या गिटारची मान धडाला मिळते ती बरोबर बाराव्या फ्रेटवर. वर चढणाऱ्या हाताचा अंगठा मागच्या टाचेला टेकला की कळतं, आलो. रंगाची खूण नको म्हणणाऱ्यालाही लाकडानं खूण करूनच ठेवलेली आहे.

खूण हवी की नको हा वाद देवाच्या बाबतीतही आहे. आमच्या कात्रजच्या टेकडीवर आगम मंदिर आहे, मूर्तिपूजक श्वेतांबर जैनांचं. त्याच श्वेतांबरांतले स्थानकवासी मूर्ती मानत नाहीत. पंधराव्या शतकात गुजरातेत लोंकाशाहांनी आगम, म्हणजे जैन धर्मग्रंथ, वाचले आणि त्यांत मूर्तिपूजेला आधार नाही असं सांगितलं, तिथून हा विचार वाढला. मूर्तिपूजक पंचेचाळीस आगम प्रमाण मानतात, स्थानकवासी बत्तीस. दोन्ही परंपरांतली माणसं माझ्या शेजारी राहतात, आणि कुणाची साधना हलकी म्हणावी असं मला कधी वाटलेलं नाही. पण एक गोष्ट दिसते. मूर्ती नाकारणाऱ्या साधूंच्या तोंडावर मुहपत्ती आहे, हातात रजोहरण आहे, जमायला स्थानक आहे. देह आहे तोवर मन कशाला तरी टेकतंच. सगुणाची भक्ती श्रेष्ठ की अव्यक्ताची, असं गीतेच्या बाराव्या अध्यायात अर्जुन विचारतो, आणि श्रीकृष्ण अव्यक्ताला खोटं ठरवत नाहीत; देह धरून बसलेल्याला ती वाट कष्टाची आहे, एवढंच सांगतात.

मग खूण ठेवण्यात अडचण कुठं आहे? ती सेहिया लावली की समजते. सेहिया म्हणजे मानेवर चढवायचा चाप, आपण कॅपो म्हणतो तो. फ्लेमेंकोत गायकाच्या गळ्याप्रमाणे तो वर-खाली करतात. आपल्याकडे पेटीवाला बसल्याबसल्या विचारतो ना, ‘काळी दोन की पांढरी चार?’, तसं. सेहिया दुसऱ्या फ्रेटवर बसली की षड्ज तिथं आला. पंचम नवव्यावर गेला. सातव्याच्या ठिपक्याखाली आता मध्यम आहे. ठिपका जागचा हललेला नाही, त्याचा अर्थ मात्र सबंध बदलला. ज्याचे कान जागे आहेत त्याला ठिपक्याची अजूनही मदत होते, तो त्याच्यापासून दोन घरं मोजतो. ज्यानं ‘सातवा म्हणजे पंचम’ एवढंच पाठ केलं, तो पहिल्याच गायकासमोर बेसूर होतो.

आता नामदेव. कुंभार असलेल्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी मडक्यांसारखी तपासली आणि नामदेव कच्चे निघाले. ज्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठल खात होता, ते कच्चे! मग औंढा नागनाथला विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून पडलेले त्यांना दिसले. नामदेव पाय उचलून जिथं ठेवायला जावेत तिथं पिंडी. ही कथा बहुतेक वेळा इथंच थांबवतात आणि मूर्तीच्या विरोधात वापरतात. मला ते पटत नाही. माझ्या आजीनं आयुष्यभर वारी केली, आणि ती ही कथा सांगताना हटकून विचारायची, ‘मग नामदेव गेले कुठं?’ गेले पंढरपूरला, त्याच विटेसमोर. परंपरा सांगते की १३५० मध्ये त्यांनी महाद्वाराच्या पायरीपाशीच देह ठेवला. विसोबांनी पिंडी फोडली नव्हती, सरकवून दाखवली होती. गायकाबरोबर षड्ज सरकतो, तशीच. ज्याला सरकलेली पिंडी ओळखता आली त्याला जुन्या जागेवरचीही खऱ्या अर्थानं दिसू लागली, असं मी समजते. कच्चेपणा विठ्ठलाशी बोलण्यात नव्हता. विठ्ठल फक्त तिथंच आहे असं वाटण्यात होता.

म्हणून मी ठिपका ठेवते. माझ्या गिटारच्या काठावर सातव्यापाशी एकच आहे, मोहरीएवढा, समोर बसलेल्याला तो दिसत नाही. पट्टीच्या दर्शनी बाजूला नको, असं माझं स्पष्ट मत आहे. खूण वाजवणाऱ्याच्या कामाची. तिचं प्रदर्शन मांडलं की लोक वाजवणं सोडून खुणांवरच भांडत बसतात, मग त्या गिटारवरच्या असोत नाहीतर कपाळावरच्या.

नव्यानं शिकणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. ठिपका लावा, संकोच करू नका. पण रोजच्या रियाझात सेहिया एकेक घर पुढं सरकवून तीच फाल्सेता, म्हणजे सुरावटीचा तोच तुकडा, पुन्हा वाजवा, आणि पंचम कुठं गेला ते आधी कानानं शोधा, मग डोळ्यांनी पडताळा. कुणाला ठिपका नकोच असेल तर त्यानं लावू नये. फक्त शेजारच्याच्या गिटारवरचा खरवडायला जाऊ नये.