परक्याचा हक्क

आपल्या माणसासाठी न्याय मागणे फारसे कठीण नसते. रक्ताचे नाते आणि समान श्रद्धा माणसाला आपोआप बोलते करतात. परंतु ज्याची श्रद्धा आपल्याला चुकीची वाटते, त्याच्यावर अन्याय होत असेल तर आपले कर्तव्य काय? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला सर जॉर्ज सॅव्हिल (१७२६-१७८४) यांचे स्मरण होते. ते बॅरोनेट होते, म्हणजे ‘सर’ हा किताब त्यांना वंशपरंपरेने लाभला होता. १७५९ ते १७८३ या काळात त्यांनी इंग्लंडच्या संसदेत यॉर्कशायरचे प्रतिनिधित्व केले. देऊ केलेले सरकारी पद त्यांनी नाकारले आणि इतिहासात ते दुय्यमच राहिले.

त्या काळी इंग्लंडमध्ये मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूला जन्मठेप होऊ शकत असे आणि त्याला पकडून देणाऱ्यास शंभर पौंडांचे बक्षीस मिळे. कॅथलिकांना जमीन विकत घेण्यास बंदी होती. वडिलोपार्जित जमिनीवरचा त्यांचा हक्कही सुरक्षित नव्हता. १७६७ साली फादर जॉन बॅप्टिस्ट मलोनी यांना याच कायद्याने जन्मठेप ठोठावण्यात आली. पुढे १७७८ मध्ये, राजनिष्ठेची शपथ घेणाऱ्या कॅथलिकांना या जाचातून सोडविणारे विधेयक सॅव्हिल यांनी मांडले आणि ते संमत झाले.

त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. जून १७८० मध्ये लॉर्ड जॉर्ज गॉर्डन यांच्या चिथावणीने लंडनमध्ये दंगल उसळली. कॅथलिक प्रार्थनालये जाळली गेली, शेकडो माणसे मेली. वयोवृद्ध बिशप रिचर्ड चॅलोनर यांना घर सोडून आश्रय घ्यावा लागला. जमावाने सॅव्हिल यांच्या घरावरही हल्ला केला.

सॅव्हिल यांना आपल्या श्रद्धेविषयी आपुलकी होती, असे मात्र समजू नये. त्याच वर्षी, प्रोटेस्टंट मुलांचे शिक्षण कॅथलिकांच्या हाती जाऊ नये यासाठीही त्यांनी एक विधेयक आणले होते. त्यांच्या न्यायबुद्धीला मर्यादा होत्या. तरीही, ज्याचा धर्म आपल्याला मान्य नाही, त्यालाही त्याची जमीन आणि त्याचे स्वातंत्र्य मिळालेच पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

असत्याला हक्क नसतात, असा युक्तिवाद एकेकाळी आपल्या ख्रिस्तसभेतही केला जाई. परंतु हक्क मतांना नसतात, माणसांना असतात. आणि माणूस चुकला तरी त्याचे माणूसपण नष्ट होत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली धर्मस्वातंत्र्याचा पाया मानवी व्यक्तीच्या प्रतिष्ठेत आहे, असे स्पष्ट केले. प्रभू येशूच्या दाखल्यातील शोमरोन्यानेही जखमी वाटसरूला त्याचा धर्म विचारला नव्हता.

आपल्या मंदिरावर दगड पडला की आपण एकत्र येतो, निवेदने देतो. ते योग्यच आहे. पण वेगळ्या देवघरात प्रार्थना करणाऱ्या शेजाऱ्याच्या दारावर दगड पडतो, तेव्हा आपल्यापैकी किती जण घराबाहेर येतात? आपल्या पूर्वसुरींसाठी एक परका उभा राहिला होता. हे ऋण कोणासाठी तरी उभे राहूनच फेडता येईल.