शिखराची ताकद आणि रोजची चाल

जी वस्तू पुरेशी आहे, तिला आणखी चांगली करण्यात वावगे काय? आणि 'चांगली' म्हणजे नेमकी कशी, हे ठरवायचे कोणी? प्रश्न जुनाच आहे. आमच्या फकीहांनी तो खर्चाच्या मर्यादा ठरवताना विचारला, सूफींनी नफ्सची हाव तपासताना विचारला. आज आम्ही तो अमेरिकेतल्या मोटारींच्या गॅरेजमध्ये नेऊन विचारणार आहोत. मराठी मुसलमानांच्या वार्षिकात इंजिनाच्या गोष्टी कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण आमच्यातल्या कितीतरी घरांची चूल पान्या-पक्कडीच्या जोरावर पेटत आली आहे. त्या घरांना ही भाषा परकी वाटायची नाही. इतरांसाठी थोडे उलगडून सांगतो.

अमेरिकेत 'मसल कार' नावाचा एक प्रकार आहे. मध्यम आकाराची, फार महाग नसलेली गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचे आठ सिलिंडरचे इंजिन बसवायचे, ही त्यामागची कल्पना. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅकने जीटीओ आणली, तिथून या प्रकाराचा जमाना सुरू झाला असे सर्वसाधारणपणे मानतात. जनरल मोटर्सच्या आपल्याच नियमाप्रमाणे त्या आकाराच्या गाडीत इतके मोठे इंजिन बसत नव्हते. तेव्हा पॉन्टिअ‍ॅकच्या अभियंत्यांनी ते 'जादा पर्याय' म्हणून देऊ केले आणि वाट काढली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फोर्डची मस्टँग आली. काटेकोर बोलणारे तिला 'पोनी कार' म्हणतात, पण मोठे इंजिन घातलेली मस्टँग लोकांच्या तोंडी मसल कारच झाली. या गाड्या श्रीमंतांच्या नव्हत्या. कारखान्यात काम करणाऱ्या तरुणाला हप्त्यावर घेता येतील अशा होत्या. आजही अनेकजण अशी गाडी रोज वापरतात. तिच्यातूनच कामावर जातात, मुलांना शाळेत सोडतात, आठवड्याचे वाणसामान आणतात.

अशा गाडीत काहीही बिघडलेले नसताना तिचा मालक पैसे साठवतो आणि एक भाग बदलतो. तो भाग म्हणजे इन्टेक मॅनिफोल्ड. बाहेरची हवा गाळून आत आली की ती आधी एका पोकळीत जमते आणि तिथून आठ नळ्यांनी आठ सिलिंडरांकडे वाटली जाते. ही पोकळी आणि या नळ्या मिळून मॅनिफोल्ड. दिसायला साधी वस्तू, पण तिच्यात एक सुरेख गणित दडलेले आहे. सिलिंडरची झडप बंद होते तेव्हा आत धावणारी हवा तिच्यावर आदळते. दाबाची एक लाट उलटी फिरते, नळीच्या दुसऱ्या टोकाशी जाते आणि परत येते. तिच्या परत येण्याची वेळ आणि झडप पुन्हा उघडण्याची वेळ जुळली, तर जास्तीची हवा आपोआप आत ढकलली जाते. इंजिन सावकाश फिरत असेल तर दोन उघडण्यांमध्ये अवकाश जास्त, म्हणून नळी लांब हवी. वेगाने फिरत असेल तर नळी आखूड हवी. साध्या, न बदलणाऱ्या लांबीच्या नळीला एकाच वेळी दोन्ही साधत नाही. लांब नळी खालच्या फेऱ्यांत इंजिनाला ओढ देते, आखूड नळी वरच्या फेऱ्यांत ताकद देते.

फोर्डनेच याचा एक नमुना करून ठेवला आहे. २०११च्या मस्टँग जीटीमध्ये पाच लिटरचे इंजिन होते. त्याची ताकद ४१२ हॉर्सपॉवर, ६५०० फेऱ्यांना. त्याची ओढ, म्हणजे टॉर्क, ३९० पाउंड-फूट, ४२५० फेऱ्यांना. पुढच्या वर्षी शर्यतीच्या मैदानाकडे डोळा ठेवून बॉस ३०२ नावाची मस्टँग निघाली. इंजिन त्याच घराण्यातले, पण मॅनिफोल्डच्या नळ्या आखूड. ताकद ४४४ हॉर्सपॉवर झाली, तीही ७४०० फेऱ्यांना. ओढ मात्र ३८० पाउंड-फूट, म्हणजे दहाने कमी. दोन्ही इंजिनांत कॅम आणि सिलिंडर हेडही वेगळे होते, तेव्हा सगळा फरक एकट्या मॅनिफोल्डच्या खात्यावर टाकता येणार नाही. पण दिशा स्वच्छ दिसते. पुढे हाच बॉसचा मॅनिफोल्ड साध्या जीटीवर बसवण्याची हौस अनेकांना लागली. काही शे डॉलरचा भाग, आणि त्याबरोबर गाडीच्या संगणकाची नव्याने जुळणी. बसवल्यावर गाडी वरच्या फेऱ्यांत जोरात पळते, पण खालच्या आणि मधल्या फेऱ्यांत तिची ओढ पूर्वीपेक्षा कमी होते.

आता विचार करा. रोजच्या वापरातली गाडी किती वेळ सहा-सात हजार फेऱ्यांवर असते? सिग्नलवरून निघताना, वळणावर, शाळेच्या फाटकासमोर, हमरस्त्यावर सरळ चालताना तिचे जवळजवळ सारे आयुष्य हजार ते तीन हजार फेऱ्यांत जाते. म्हणजे वर्षातून जे काही क्षण लाभायचे, त्यांच्यासाठी रोजच्या शेकडो क्षणांतून थोडी थोडी ओढ काढून घेतली जाते. बोलताना मात्र माणूस सांगतो तो आकडा शिखराचा असतो. रोजच्या चालीचा आकडा कोणी कोणाला सांगत नाही.

इथे एक बाजू उचलून धरली पाहिजे, नाहीतर आमचा विचार एकांगी होईल. तो माणूस म्हणेल, पैसा माझा, कष्ट माझे, आनंदही माझा, तुम्ही कोण? या म्हणण्यात तथ्य आहे. डेट्रॉइटच्या आसपासचा इतिहास आठवावा. हायलंड पार्क येथे फोर्डच्या कारखान्याच्या परिसरात १९२१ साली मशीद उभी राहिली. अमेरिकेत मशीद म्हणूनच बांधल्या गेलेल्या अगदी पहिल्या इमारतींत तिची गणना होते. ती फार काळ टिकली नाही. पुढे डिअरबॉर्नमध्ये फोर्डच्या रूज कारखान्याच्या सावलीत लेबनॉन आणि येमेनमधून आलेल्या मुसलमान कामगारांची वस्ती वाढली आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस तिथे पुन्हा मशिदीचा पाया घातला गेला. याच डिअरबॉर्नमध्ये २००४पर्यंत मस्टँग बनत होती. कारखान्याच्या पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या वाट्याला दिवसभर एकच काम येते, एकच नट, एकच बोल्ट. असा माणूस घरी येऊन स्वतःच्या हाताने सबंध इंजिन उघडतो, समजून घेतो आणि पुन्हा जोडतो, तेव्हा कारखान्याने तुकडे केलेले त्याचे कसब त्याला परत मिळते. याला चैन म्हणून उडवून लावणे हा अन्याय ठरेल.

आमच्या परंपरेनेही सौंदर्याला आणि सुबकतेला हाकलून दिलेले नाही. गरजांच्या तीन पायऱ्या आमच्या उसूलच्या विद्वानांनी सांगितल्या: जरूरियात, ज्यांच्यावाचून जगणे अशक्य, हाजियात, ज्यांच्यावाचून जगणे अवघड, आणि तहसीनियात, ज्यांनी जगणे सुंदर होते. इमाम गझालींनी त्यांचा विचार केला आणि चौदाव्या शतकात अंदलूसच्या शातिबींनी तो सविस्तर मांडला. तिसरी पायरी निषिद्ध नाही. १२०६ साली यंत्रांवरचा आपला ग्रंथ पुरा करणाऱ्या अल-जजरीकडे पाहा. पाणी उपसणारी यंत्रे त्याने रचली, गोल फिरणाऱ्या गतीचे पुढे-मागे होणाऱ्या गतीत रूपांतर केले, आणि त्याच हाताने हात धुण्यासाठी पाणी ओतणारा मोरही घडवला. मोरावाचून कोणाचे अडत नव्हते. तरी त्याला कोणी इसराफचा गुन्हेगार म्हटले नाही. मात्र शातिबींची एक अट विसरता कामा नये. वरची पायरी बांधताना खालची ढासळत असेल, तर वरची सोडून द्यायची. मॅनिफोल्डचा प्रश्न नेमका या अटीवर येऊन अडतो. शिखराची ताकद खालच्या ओढीवर भर म्हणून मिळत असती तर बोलण्यासारखे काही नव्हते. ती खालून काढून वर लावलेली आहे.

यावर आणखी एक उत्तर येते, आणि ते अधिक खोल आहे. माणूस म्हणतो, मी ती ताकद रोज वापरणार नाही हे मलाही ठाऊक आहे. पण ती माझ्याजवळ आहे, हवी तेव्हा मिळेल, या जाणिवेतच सुख आहे. माणसाला शक्यतांची मालकी आवडते. न वाचलेल्या पुस्तकांचे कपाट, न वापरलेले दागिने, न गेलेल्या गावाचा पासपोर्ट, या सगळ्यांत तेच सुख असते. पण प्रत्येक शक्यतेला भाडे असते. कपाटाचे भाडे म्हणजे अडलेली जागा. या मॅनिफोल्डचे भाडे सिग्नलवरून निघताना दर वेळी मोजावे लागते. ते इतके थोडे असते की लक्षात येत नाही, आणि लक्षात येत नाही म्हणूनच माणूस ते आयुष्यभर मोजत राहतो.

शिवाय काही भाडे शेजाऱ्यालाही पडते. काही इंजिनांच्या मॅनिफोल्डमध्ये छोट्या पाकळ्या असतात. खालच्या फेऱ्यांत त्या वाट अरुंद करतात, त्यामुळे हवा आणि पेट्रोल नीट मिसळते आणि धूर स्वच्छ राहतो. वाटेत अडथळा नको म्हणून त्या काढून टाकणारेही आहेत. धूर स्वच्छ ठेवणाऱ्या यंत्रणेशी अशी छेडछाड करण्यास अमेरिकेचा स्वच्छ हवा कायदा मनाई करतो. कॅलिफोर्नियात तर असा बदलीचा भाग रस्त्यावरच्या गाडीला लावायचा असेल तर त्याला राज्याच्या हवा मंडळाची मंजुरी असावी लागते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चा अर्थ लावताना निर्मात्याच्या मूळ रचनेशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाहीत असे सांगितले. तरी रात्री अकरा वाजता मोहल्ल्यातून फटाके फोडत जाणारी बुलेट आम्हा सर्वांना ठाऊक आहे. तिच्या स्वाराचा आनंद खरा असेल, पण त्याची किंमत आजारी म्हाताऱ्याच्या मोडलेल्या झोपेने चुकती होते. 'माझा पैसा' हे उत्तर इथे संपते. पैसा त्याचा असेल, हवा आणि रात्र त्याची नाही. आणि 'परवडते' हेही उत्तर पुरे पडत नाही. वाहत्या नदीच्या काठी वुजू करतानाही पाणी उधळू नये, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नदीला पाणी कमी पडणार नव्हते. प्रश्न उधळणाऱ्या हाताचा होता.

मग हा भाग हराम ठरवायचा काय? नाही. जो माणूस खरोखरच दर रविवारी शर्यतीच्या मैदानावर गाडी नेतो, तिथले इंजिन वरच्या फेऱ्यांतच राबवतो, त्याच्यासाठी आखूड नळी हीच योग्य नळी. आणि जुन्या गाडीचा जड बिडाचा मॅनिफोल्ड काढून त्याजागी रोजच्या फेऱ्यांसाठी बनवलेला हलका अ‍ॅल्युमिनियमचा बसवणारा माणूस तर शुद्ध सुधारणाच करतो. 'डुअल प्लेन' प्रकारचे असे मॅनिफोल्ड आयडलिंगपासून साधारण साडेपाच हजार फेऱ्यांपर्यंत काम देतात, हे बनवणारेच सांगतात. वस्तूत गुण किंवा दोष नाही. ती आणि तिचा वापर यांच्या मेळात आहे. कुरआनात सूरह रहमानमध्ये आकाशाच्या उंचीसोबत मीजानचा, तराजूचा उल्लेख येतो. आम्ही त्यातून हे घेतो की उंची आणि तोल यांना वेगळे करता येत नाही. काम सुबक करणे म्हणजे एहसान. लोकांना आकडा सांगण्यासाठी करणे म्हणजे रिया. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. त्यांतला फरक गॅरेजबाहेरच्या माणसाला कळत नाही, पान्याच्या मागे उभ्या असलेल्याला मात्र कळतो.

हा हिशेब आम्ही अमेरिकन माणसाला सांगत बसण्यापेक्षा स्वतःला लावणे बरे. आमच्या समाजाचे मॅनिफोल्ड कोणत्या फेऱ्यांसाठी बनवलेले आहे? रमजानच्या रात्री मशिदीत जागा पुरत नाही. शव्वालमध्ये फज्रला एक रांग भरत नाही. मशिदीला संगमरवर लागतो आणि तिच्या इमामाचा पगार सांगताना विश्वस्त नजर चुकवतात. लग्नात एका रात्रीत जे खर्च होते, ते फेडायला वधूपित्याची पुढची वर्षे जातात. दहावीत पहिल्या आलेल्या मुलीचा सत्कार आम्ही फेटे बांधून करतो. करावाच. पण २००६च्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले होते की सहा ते चौदा वयाची २५ टक्के मुस्लिम मुले एकतर शाळेत कधी गेलीच नाहीत किंवा शाळा सोडून बसली. ती आमची हजार फेऱ्यांवरची ओढ होती. तिथे गाडी धक्के खात होती आणि आम्ही शिखराचा आकडा सांगत होतो. शिखरे नकोत असे आम्ही म्हणत नाही. पण एखादे शिखर रोजच्या ओढीतून पैसे आणि माणसे काढून उभे राहत असेल, तर ते कोणाच्या खात्यातून आले हे विचारलेच पाहिजे.

हजरत आयेशा यांच्याकडून आलेल्या एका प्रसिद्ध हदीसचा आशय असा आहे की जे काम सातत्याने होते ते थोडे असले तरी अल्लाहला अधिक प्रिय असते. लांब नळीचे तत्त्वही याहून वेगळे नाही. सावकाश फिरणाऱ्या इंजिनात लाटेला परतायला पुरेसा वेळ मिळावा, म्हणून ती नळी लांब ठेवलेली असते. ज्याने आपली नळी आखूड करायची ठरवली आहे, त्याने जरूर करावी. मात्र त्याआधी आपण दिवसाचे किती तास सात हजार फेऱ्यांवर जगतो, एवढे मोजून पाहावे.