परत येईन, असे लिहून देताना

संख्याशास्त्र किंवा डेटा सायन्स या विषयांत पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जाण्याची इच्छा अमरावती-अकोल्याच्या मुस्लिम घरांतही आता मोकळेपणाने बोलली जाते. गणितात हुशार असलेली मुलगी किंवा मुलगा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आला की घरात चौकशी सुरू होते. पहिली अडचण अर्थातच पैशाची. बँकेचे शैक्षणिक कर्ज व्याजाचे असते आणि व्याजाच्या मनाईविषयी दीनमध्ये संदिग्धता नाही. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजाचा भार उचलणारी केंद्र शासनाची ‘पढो परदेश’ योजना २०१३-१४ पासून काही वर्षे चालली आणि २०२२-२३ पासून बंद झाली. त्या योजनेतही व्याज होतेच, भरणारा हात तेवढा वेगळा होता. त्यामुळे हलालची काळजी वाहणाऱ्या आईवडिलांना शिष्यवृत्ती हाच निर्वेध मार्ग वाटतो, आणि ते योग्यच आहे.

परंतु शिष्यवृत्तीलाही अटी असतात. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट आहे. राष्ट्रकुल शिष्यवृत्ती घेणाऱ्याने शिक्षण संपताच परतावे, अशी अपेक्षा असते. अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती ज्या व्हिसावर मिळते, त्यातही दोन वर्षे मायदेशी राहण्याचा नियम येतो. अर्जात आणि मुलाखतीत विचारले जाते, ‘शिकून आपल्या देशासाठी काय कराल?’ हा प्रश्न भरताना घरातला एखादा वडीलधारा सहज सांगून जातो, “बेटा, परत येईन असे लिहून दे. पुढचे पुढे पाहू.”

या एका वाक्यात एक गंभीर नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि आपण त्याकडे कागदोपत्री बाब म्हणून पाहतो. ज्याचे मन अजून ठरलेले नाही त्याने ‘परत येईन’ असे लिहून देणे हे असत्य आहे काय?

इमाम गझाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये जिभेच्या दोषांची चर्चा करताना खोट्या वचनाचा स्वतंत्र विचार केला आहे. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, वचन देतानाच ते न पाळण्याचा निश्चय मनात असेल तर ती दांभिकता, म्हणजे निफाक होय. पाळण्याचा निश्चय होता, पण खरी अडचण आडवी आली, तर तो मनुष्य दांभिक ठरत नाही. याच अर्थाची एक हदीस हजरत जैद बिन अरकम (रजि.) यांच्याकडून तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत आली आहे, तिची सनद भक्कम नसल्याचे स्वतः इमाम तिर्मिजींनी नोंदवले आहे, म्हणून तिच्यावर मी फार भार टाकत नाही. मुख्य तत्त्व त्याविनाही उभे आहे, कारण कर्माचे मूल्य नियतीवर, म्हणजे हेतूवर ठरते. वचन मोडल्याच्या दिवशी काय घडले याआधी, वचन दिल्याच्या दिवशी मनात काय होते हे विचारले जाईल.

अर्ज भरणारे सगळेच काही खोटे बोलायला बसलेले नसतात. बावीस वर्षांच्या मुलाला आपण तीन वर्षांनी कुठे असू हे खरोखरच ठाऊक नसते. अशा वेळी आपल्या तोंडी सहज येणारा शब्द म्हणजे ‘इन्शाअल्लाह’. सूरह अल्-कहफच्या २३ आणि २४ क्रमांकांच्या आयतींत शिकवण आहे की, उद्या अमुक करीन असे अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख केल्यावाचून म्हणू नये. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) कोणतेही वचन देताना ‘इन्शाअल्लाह’ म्हणत, असे गझालींनी लिहिले आहे. पण त्यांच्या तोंडी तो शब्द आपल्या मर्यादेची कबुली होता. आपल्या बाजारात आणि घरांत तोच शब्द पुष्कळदा ‘नाही’ म्हणण्याची सभ्य रीत झाला आहे. उधारी मागायला गेलेल्या दुकानदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही!

गंमत अशी की, ज्या विद्येसाठी हा अर्ज भरला जातो ती विद्याच अनिश्चितता प्रामाणिकपणे सांगायला शिकवते. संख्याशास्त्रज्ञ एक आकडा ठणकावून सांगत नाही. तो म्हणतो, माझा अंदाज इतका, तो या दोन मर्यादांच्या दरम्यान असावा, आणि ज्या पद्धतीने तो काढला तिच्यावर इतका विश्वास ठेवता येईल. आपली गृहीतके तो आधी मांडतो. निकाल पाहून मागाहून गृहीतक बदलणे हा त्या शास्त्रात अपराध मानला जातो. अशा शास्त्राचे दार उघडताना पहिलेच विधान मनाविरुद्ध करणे किती विसंगत आहे, हे त्या विद्यार्थ्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवे.

काही जण असा बचाव करतात की, ‘परत येईन’ म्हणताना माझ्या मनात ‘ईदला भेटायला येईन’ असा अर्थ होता. सहीह मुस्लिममधील हदीसचा आशय हा मार्ग बंद करतो. शपथेचा अर्थ शपथ घेणाऱ्याच्या मनातील पळवाटेवर ठरत नाही, ती ज्याने घ्यायला लावली त्याच्या आशयावर ठरतो. शपथेला जे लागू आहे ते सहीच्या लेखी हमीला का लागू नसावे? आणि देणारी संस्था परक्या देशाची किंवा गैरमुस्लिम आहे म्हणून हमी सैल होते, असेही नाही. हजरत हुजैफा (रजि.) आणि त्यांचे वडील मदीनेकडे येत असताना कुरैशांनी त्यांना अडवले आणि आपण लढाईत भाग घेणार नाही असे वचन घेऊनच सोडले. बद्रचा प्रसंग होता. माणसे मोजकी होती. तरीही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दोघांना वचन पाळण्यास सांगितले, आणि ते बद्रच्या लढाईत नव्हते. शत्रूने अडवून घेतलेले वचन जिथे पाळले गेले, तिथे फी, निवास आणि विमानभाडे देणाऱ्याला दिलेले वचन हलके कसे मानावे?

या विषयाचा वऱ्हाडच्या मातीशी थेट संबंध आहे. पिकाचा अंदाज पूर्वी आणेवारीने, नजरेने घेतला जाई. पाहणाऱ्याची नजर चुकली की सारा चुके, मदत चुके. १९४०च्या दशकाच्या आरंभी व्ही. जी. पानसे यांच्या मार्गदर्शनाखाली अकोला जिल्ह्यात कापसाच्या उत्पन्नाची नमुना पाहणी झाली. यादृच्छिक रीतीने निवडलेल्या शेतांतील ठरावीक तुकड्यांचे पीक काढून, तोलून अंदाज बांधायचा, अशी ती रीत होती. याच काळात कृषी संशोधन परिषदेत पांडुरंग सुखात्मे यांनी अन्नधान्यासाठी ही पद्धत देशभर रुजवली. सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकले, १९३६मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि ते परतले. आज पीक विम्याची भरपाई ठरवताना महसूल मंडळात जो पीक कापणी प्रयोग होतो, त्याच्या मुळाशी ही परतून आलेली विद्या आहे. कोल्हापूरचे वसंत हुजूरबाजार यांनी केंब्रिजहून १९४९मध्ये डॉक्टरेट घेतली आणि पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राची परंपरा उभी केली. सुखात्मे १९५१मध्ये अन्न व कृषी संघटनेच्या कामासाठी पुन्हा परदेशी गेले, हेही सांगितले पाहिजे. परतणे म्हणजे जन्मभर बांधून घेणे नव्हे. अट दोन वर्षांची असेल तर कर्तव्यही दोन वर्षांचे. त्यापुढे परदेशी राहून हलाल उपजीविका करणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

दुसरी बाजूही न्यायाने पाहिली पाहिजे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९१३मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार होता. बाबासाहेब १९१७मध्ये करार पाळण्यासाठी बडोद्याला गेले. तिथे त्यांना राहायला जागा मिळाली नाही, कचेरीत अपमान झाला, आणि त्यांना बडोदा सोडावे लागले. हा करार कोणी मोडला, असे विचारले तर उत्तर कागदावर सापडणार नाही. परत येणाऱ्याला माणूस म्हणून उभे राहायला जागा असणे, ही प्रत्येक ‘परत ये’मधील न लिहिलेली अट आहे.

आपल्या समाजाने हे स्वतःला विचारावे. परदेशातून संख्याशास्त्र शिकून आलेली मुलगी अमरावतीला आली, तर तिला तासिका तत्त्वावर मिळणाऱ्या तुटपुंज्या मानधनाखेरीज आपण काय देऊ शकतो? आपल्या शिक्षणसंस्था तिला बोलावतील काय? की ‘परत आली म्हणजे तिथे जमले नसेल’ असे शेजारी म्हणतील? वचन पाळणाऱ्यावर असे टोमणे पडत असतील, तर पुढच्या अर्जदाराला खोटे लिहायला आपणच शिकवत आहोत.

इस्लामी विकास बँकेने १९८३पासून मुस्लिम अल्पसंख्याक समुदायांसाठी चालवलेल्या शिष्यवृत्तीची रचना येथे विचार करण्याजोगी आहे. ती मुख्यतः पदवी स्तरावरील व्यावसायिक शिक्षणासाठी असली, तरी तिचे तत्त्व व्यापक आहे. विद्यार्थ्यासाठी ती रक्कम बिनव्याजी कर्ज, म्हणजे कर्जे हसना असते. समुदायासाठी ते अनुदान असते. विद्यार्थी कमावता झाला की परतफेड बँकेला न करता आपल्या देशातील विश्वस्त निधीला करतो, आणि तो पैसा पुढच्या विद्यार्थ्यांना मिळतो. येथे देणे काय आणि ते कधी फिटले, हे दोघांनाही स्पष्ट असते. अकोला-अमरावतीच्या चार सुस्थित घरांनी एकत्र येऊन असा छोटा निधी उभारणे अशक्य नाही.

अर्ज भरणाऱ्यांसाठी मार्ग तसा सरळ आहे. ज्याला परतायचे नाही किंवा ज्याचे मन डळमळीत आहे, त्याने परतण्याची अट नसलेल्या शिष्यवृत्त्या शोधाव्यात. युरोपच्या इरॅस्मस मुंडस संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांत अशी अट नाही, आणि त्यांत संख्याशास्त्र व डेटा सायन्सशी निगडित अभ्यासक्रमही असतात. परतण्याच्या हमीवर मिळणारी जागा ज्याला खरोखर परतायचे आहे त्याची आहे. ती खोट्या सहीने घेणे म्हणजे कोणा अनोळखी विद्यार्थ्याचा हक्क मारणे होय, आणि तो कोण होता हे कळत नसल्याने त्याची माफी मागण्याचीही सोय उरत नाही.

जे आधीच सही करून गेले आहेत आणि आता तिथे नोकरीचा प्रस्ताव हाती घेऊन बसले आहेत, त्यांच्या घरूनही पत्रे येतात, की आता काय करावे? त्यांनी लपू नये. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेला परिस्थिती खरी सांगून लिहावे. मुदत वाढवून किंवा अट शिथिल करून मिळते का ते विचारावे. नियमांनुसार रक्कम परत करून मोकळे होता येत असेल तर ती करावी. ज्याचे वचन आहे त्याने सोडले तर माणूस सुटला. त्याने नकार दिला तर तिकीट काढावे आणि दोन वर्षांसाठी घरी यावे.