अर्थ न कळणाऱ्या गाण्याविषयी

गेल्या वर्षी ईदच्या सुटीत पुण्याला शिकणारी माझी नात चिखलीला आली होती. जाताना तिने माझ्या मोबाईलमध्ये काही गाणी भरून दिली. सगळी कोरियन. मी विचारले, "बेटा, ये बोल क्या रहे हैं?" ती म्हणाली, "नाना, मतलब मत पूछो. बस सुनो." मी ऐकली; आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, ज्या भाषेतला एकही शब्द मला येत नाही, तिच्यातल्या एका अल्बमच्या प्रेमात पडलो.

बँडचे नाव जन्नाबी. जुन्या कोरियन भाषेत या शब्दाचा अर्थ माकड. ही मित्रमंडळी १९९२ सालची, ते वर्ष त्यांच्याकडे माकडाचे, म्हणून हे नाव. कंपन्यांनी घडवलेल्या, नाचणाऱ्या गटांतले हे नव्हेत. आपली गाणी आपणच रचून वाजवणारे आहेत. 'लेजंड' नावाचा हा अल्बम २०१९ मध्ये आला, तरी मला तो नवाच. त्यातले सर्वात गाजलेले गाणे इतक्या हळुवार आवाजात सुरू होते, की शेजारच्या खोलीत कोणी आजारी माणूस नुकता झोपला असावा. मग मागून तंतुवाद्ये भरून येतात. फजरची नमाज झाली की गच्चीवर बसून ते ऐकायची मला सवय लागली.

पण 'मतलब मत पूछो' हे वाक्य मनातून जाईना. संगीताला भाषा नसते, असे आपण किती सहज म्हणतो! हे प्रेमाचे बोलणे आहे की सोयीचे?

इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाविषयी एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. पाळण्यातले मूल गोड आवाजाने रडायचे थांबते, ओझ्याने थकलेला उंट हाकणाऱ्याचे गाणे ऐकून पाय उचलतो, हे दाखले त्यांनी दिले आहेत. बाळाला आणि उंटाला अर्थ कुठे कळतो? पुढे ते याहून मजेदार गोष्ट सांगतात. एका फारसी माणसाने अरबी शेर ऐकला. त्यातले एक अक्षरपुंज त्याला आपल्या भाषेतल्या शब्दासारखे वाटले, त्यातून त्याने भलताच अर्थ काढला आणि तो हाल येऊन बेभान झाला. गझाली त्याला दोष देत नाहीत. त्याचे हेलावणे खरेच होते, असे त्यांचे मत.

मलाही ते पटते. तरी एक शंका उरते. त्या माणसाचा हाल खरा होता, पण त्यात कवी कुठे होता? तो तर शेजारी असून नसल्यासारखा. त्या फारसी माणसाने आपलेच दुःख दुसऱ्याच्या आवाजात ऐकले. मीही गच्चीवर तेच करत होतो. त्या कोरियन पोराच्या गळ्यातून मला माझी मरहूम बायको आठवत होती, विकलेले शेत आठवत होते. त्याला काय म्हणायचे होते, याच्याशी मला काही देणेघेणे नव्हते.

यावर कोणी म्हणेल, आपण तर लहानपणापासून अर्थ न कळता तिलावत करतो. खरे आहे. माझी अम्मी निरक्षर होती. तिला अरबी येत नव्हती, पण किरात ऐकताना तिचे डोळे भरून येत. मी खूप विचार केला, आणि मला वाटते दोन्ही गोष्टी एक नाहीत. अम्मीला अर्थ माहीत नव्हता, पण कोण बोलते आहे हे माहीत होते. ती ऐकताना खाली बसे, पदर सावरे. मला मात्र कोणी बोलते आहे याचेच भान नव्हते.

नातीने आणखी एक गोष्ट सांगितली होती. कोरियन भाषेचे नाते जगातल्या कोणत्याही मोठ्या भाषाकुळाशी निर्विवाद सिद्ध झालेले नाही. ती जवळजवळ एकटी भाषा आहे. एकटी म्हणजे किती, तर सुमारे आठ कोटी लोकांची. ते ऐकले आणि मला आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातली निहाली आठवली.

जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोदच्या परिसरात ही भाषा बोलली जाते. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार, बहुतेक शेतमजूर. शब्द कोरकू, मराठी, हिंदीतून भरमसाट आलेले, पण तळाशी असे काही उरते की जे कुठल्याच ज्ञात भाषेशी जुळत नाही. कायपर नावाच्या डच विद्वानाने १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. ही चोरट्यांची सांकेतिक बोली असावी काय, अशीही शंका त्याने घेतली. युनेस्कोने तिला अत्यंत संकटग्रस्त भाषांत घातले आहे.

हे सगळे मी निवृत्तीनंतर वाचले. नोकरीत असताना त्या तालुक्यातल्या एका शाळेत मी चार वर्षे काढली, तेव्हा काही माहीत नव्हते आणि विचारलेही नाही. एकदा सव्वीस जानेवारीच्या तयारीत चौथीतला एक मुलगा पुढे आला आणि आपल्या बोलीतले गाणे म्हणू लागला. दोन ओळी झाल्या असतील. मुले हसली. मी म्हणालो, "हे काय? मराठीत म्हण." तो खाली बसला. मराठीतही म्हणाला नाही, आणि मी असेपर्यंत वर्गात पुन्हा कधी गायला नाही.

आता यातली गोम बघा. घरची बोली शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून आत जाणे म्हणजे काय, हे त्या शाळेत मला सर्वात जास्त ठाऊक असायला हवे होते. "मुसलमान असून किती छान मराठी बोलता!" ही शाबासकी मी आयुष्यभर ऐकत आलो आहे आणि प्रत्येक वेळी कसनुसे हसलो आहे. तरी मला तो मुलगा ऐकू आला नाही. हजारो मैलांवरच्या भाषेला मी अर्थ विचारत नाही, कारण तिच्यात मला माझे सुख मिळते. समोरच्या पोराच्या भाषेला विचारला नाही, कारण ती मला कटकट वाटली.

मागच्या महिन्यात नातीकडून मी त्या गाण्याचा अर्थ मागवला. शीर्षकच 'कचरणाऱ्या प्रेमिकांसाठी' असे आहे. अर्थ वाचून पुन्हा ऐकले, तर गाणे थोडे लांब गेल्यासारखे झाले. बायको आठवली नाही. गाणारा पोरगा दिसला, त्याचे कुणीतरी दिसले. काही दिवस चुकचुकलो. आता पुन्हा ऐकतो, पण पूर्वीसारखे पडून नाही.

त्या मुलाचा पत्ताही काढला. तो आता चाळिशीला आला असेल. मजुरीसाठी गुजरातकडे जातो, दिवाळीच्या सुमारास परततो, असे जुन्या सहकाऱ्याने सांगितले आणि नंबर दिला. दिवाळी होऊन गेली. नंबर डायरीत आहे. "मी तुझा मास्तर" इथवर जुळते. त्यापुढचे वाक्य अजून जुळत नाही.